संरक्षक भिंतीची बाहेरची बाजू: एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शहराचं आणि सोसायटीचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून काही मापं किंचित बदलली आहेत. भिंत कशी वागली आणि माणसं कशी वागली, ते मात्र घडलं तसंच ठेवलंय.

टेकडीच्या उतारावरची सोसायटी, बारा वर्षं जुनी. उतारावर सपाट पार्किंग हवं म्हणून बिल्डरने खालच्या अंगाला भराव टाकला आणि तो धरून ठेवायला ३८ मीटर लांब, ४ मीटर उंच दगडी भिंत बांधली. त्या भिंतीच्या डोक्यावर पाच फुटी विटांची कंपाउंड वॉल. आतून बघणाऱ्याला एवढी पाच फुटी भिंतच दिसायची. तिच्याकडे तोंड करून चौदा गाड्या लागायच्या. मध्ये जास्वंदी आणि बोगनवेलीचा वाफा होता, त्याला रोज पाइपने पाणी.

भिंतीपलीकडे दुसऱ्या बिल्डरचा प्लॉट. तिथे तळघरासाठी खोदाई चालू होती. खड्डा आणि भिंत यांच्यात सात मीटरची पट्टी उरली होती आणि त्या पट्टीवर मजुरांच्या पत्र्याच्या अकरा खोल्या होत्या. त्यातल्या सहा थेट भिंतीला चिकटून, कारण तेवढाच मागचा पत्रा वाचतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बांधकाम कामगारांसाठीचा तेव्हा लागू असलेला १९९६ चा केंद्रीय कायदा म्हणत होता की मालकाने मजुरांना तात्पुरता निवारा मोफत द्यावा, साइटवरच किंवा शक्य तितका जवळ. कलम चांगलं होतं, हेतूही चांगला. पण शहरातल्या दाटीच्या प्लॉटवर खड्डा, खडी-वाळू आणि गाड्यांचा रस्ता सोडून ‘जवळ’ म्हणून जी जागा उरते, ती बहुतेक वेळा कडेची असते. म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीखालची.

अडचण

२९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची अशीच भिंत मजुरांच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. दोन-तीन दिवसांत आंबेगावात भिंत पडून ६ जण गेले आणि त्याच रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत झोपड्यांवर येऊन तीसच्या आसपास. चार दिवसांत तीन भिंती. पेपरातले फोटो बघून या सोसायटीच्या सेक्रेटरींना आपल्या पार्किंगमधली भेग आठवली.

मी इंजिनिअर, म्हणून त्यांनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पेव्हर ब्लॉकमध्ये भिंतीला समांतर गेलेली भेग, मापासाठी तिच्यात उभं धरलेलं दहाचं नाणं. ‘दोनदा सिमेंटने भरली, परत उघडते. बहुतेक ब्लॉक बसतायत. वेळ मिळेल तेव्हा बघता का?’

ब्लॉक बसतात तेव्हा ते वेडेवाकडे बसतात. भिंतीपासून सहा फुटांवर, भिंतीच्या जवळजवळ पूर्ण लांबीला समांतर जाणारी सरळ भेग ब्लॉकची नसते. मागची माती भिंतीबरोबर पुढे सरकते आहे, असं ती सांगत असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो.

वरून काहीच कळेना. विटांची भिंत रंगवलेली, स्वच्छ. मी म्हटलं, बाहेरून बघू. सेक्रेटरी, चेअरमन, वॉचमन, कुणालाच तिकडे जायचा रस्ता माहीत नव्हता. बारा वर्षांत आपल्या भिंतीची बाहेरची बाजू कुणी पाहिलीच नव्हती. मुख्य रस्त्याने वळसा घालून, शेजारच्या साइटच्या गेटवर नाव लिहून आत जायला पाऊण तास गेला.

बाहेरून सगळं दिसलं. भिंतीने मध्ये पोट काढलं होतं. ओळंबा सोडून मोजलं तर ४ मीटर उंचीत ७० मिलिमीटर बाहेर झुकलेली. पायथ्याशी खणून पाहिलं. दगडी भिंत निव्वळ स्वतःच्या वजनावर माती अडवते, म्हणून तिचा पाया उंचीच्या निम्म्याहून कमी रुंद असू नये असा आमचा ढोबळ ठोकताळा. इथे दोन मीटर हवा होता, निघाला सव्वा मीटरच्या आत. त्यात शेजारच्या खोदाईने समोरच्या मातीचा आधारही कमी केलेला.

आणि पाण्याची छिद्रं बुजलेली होती.

अशा भिंतीला मागचं पाणी निघून जावं म्हणून छिद्रं ठेवतात, साइटवर त्यांना ‘वीप होल’च म्हणतात. इथे दोन ओळींत मिळून सव्वीस होती. त्यातल्या एकोणीसमध्ये चिंध्या, सिमेंटच्या गोणीचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या ठासून भरलेल्या. उरलेल्या सातांपैकी दोनमध्ये खुंट्या ठोकून कपड्यांची दोरी बांधली होती. नांदेडकडची एक बाई तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन दारात बसली होती. तिला विचारलं, हे कुणी बुजवलं? ‘आमीच की. गढूळ पाणी हातरुणावर येतंय, सायब. मंग काय करावं?’

तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

बोळ्यांनी काय केलं ते आकड्यांत सांगतो. ४ मीटर उंच भराव कोरडा असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पाच टनांचा धक्का असतो. त्याच भरावात वरपर्यंत पाणी साचलं तर तो अकरा टनांच्या आसपास जातो. माती तीच, भिंत तीच, धक्का दुप्पट. भरावात काळी माती असेल तर ती भिजून फुगते, ते वेगळंच. आणि इथे पावसाच्या जोडीला वाफ्याचं पाणी रोज मुरत होतं.

पहिली रात्र

दुपारचे चार वाजले होते, आभाळ भरून आलेलं. माझ्याकडे होतं ते एवढंच: एक ओळंबा, एक खड्डा, काही फोटो. मातीची चाचणी नाही, नकाशा नाही. भिंत आज पडेल की पाच वर्षांनी, हे कुठलाच इंजिनिअर छातीठोकपणे सांगू शकला नसता.

मी म्हणालो, गाड्या आत्ता हलवा आणि खालची माणसं आज रात्री इथे नकोत.

चेअरमन म्हणाले, ‘लेखी द्या.’

मागणी रास्त होती. पण ‘भिंत धोकादायक आहे’ असं लिहून दिलं की पुढे कोर्टकचेरीत तो कागद माझ्याच नावावर फिरणार, हेही मला दिसत होतं. वीसेक मिनिटं मी शब्द जुळवत बसलो. ‘प्रथमदर्शनी’, ‘सविस्तर तपासणीच्या अधीन राहून’ असले. त्या वीस मिनिटांचं आज वाईट वाटतं. शेवटी सोसायटीच्या लेटरहेडवर हाताने चार ओळी लिहिल्या: भिंत झुकली आहे, पाण्याचा निचरा बंद आहे, वरचा भार काढावा, खाली कुणी झोपू नये. खाली सही आणि वेळ.

गाड्यांचं कुणालाही नवल वाटलं नाही, पण भांडण त्यावरूनच झालं. बारा गाड्या तासाभरात निघाल्या. एका गाडीचा मालक परदेशी, किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली बहिणीकडे. दुसरीचे मालक म्हणाले, रस्त्यावर लावली आणि टो झाली तर दंड सोसायटी भरणार का? ग्रुपवर यावर चाळीसेक मेसेज पडले. खालच्या माणसांवर एकही नव्हता. कुणी दुष्ट होतं म्हणून नाही. ती माणसं त्या ग्रुपवर नव्हती, इतकंच.

शेजारच्या साइटचा प्रोजेक्ट मॅनेजर आधी म्हणाला की भिंत सोसायटीची, तर प्रश्नही सोसायटीचा. कागद दाखवल्यावर नरमला. मजुरांना त्याच इमारतीच्या तयार झालेल्या भागात, पहिल्या स्लॅबवर हलवायचं ठरलं. इथे दुसरी अडचण उभी राहिली. पहिल्या स्लॅबला कठडा नाही, लिफ्टची पोकळी उघडी, डक्ट उघडे, आणि सोबत पोरंबाळं. भिंतीखालून काढून मुलं लिफ्टच्या खड्ड्याशी नेऊन ठेवण्यात काय शहाणपण? मुकादमाने प्लाय ठोकून पोकळ्या झाकल्या, कडेला हिरवी जाळी दोन पदरी बांधली, दिव्यांची एक माळ ओढली. रात्री मी दोनदा फोन करून फक्त प्लायचंच विचारलं.

संध्याकाळी सात ते नऊ सामान वर गेलं. गॅसच्या शेगड्या, ट्रंका, एक टीव्ही, कोंबड्या. ती बाई जाताना म्हणाली, ‘किती दिस?’ मी म्हटलं, सांगतो. मला माहीत नव्हतं.

निघण्यापूर्वी आम्ही भिंतीवरच्या भेगांवर काचेच्या दोन पट्ट्या प्लॅस्टरने चिकटवल्या आणि त्यावर तारीख घातली. जुना, स्वस्त आणि बोलका उपाय. भेग जराशी हलली तरी काच तडकते. रात्रभर पाऊस झाला. सकाळी दोनपैकी एक काच तुटलेली होती. भिंत उभी होती.

पुढच्या सगळ्या चर्चेत भिंत उभी राहिल्याचा आम्हाला त्रासच झाला. ‘पडली तर नाही ना’ हे वाक्य मी त्या महिन्यात किती जणांकडून ऐकलं, मोजलं नाही.

तातडीचं काम

दुसऱ्या दिवशी छिद्रं उघडायची होती. लांब सळई घेऊन, भिंतीसमोर न थांबता एका बाजूला उभं राहून बोळे ओढायचे, असं मी सांगितलं. मुकादमाने एक तरुण मुलगा दिला. बोळा निघाला की गढूळ पाण्याची चिळकांडी उडायची. पहिले दोन तास पाणी लाल-तपकिरी, मग हळूहळू निवळ. निवळणं महत्त्वाचं, कारण पाणी गढूळच येत राहिलं असतं तर भरावातली माती वाहून पोकळी होत असल्याची ती खूण ठरली असती.

तो मुलगा बाजूला उभा होता, तरी भिंतीखालीच होता. त्याच्या जागी मी उभा राहिलो असतो का, हे मी स्वतःला उशिरा विचारलं. खरं तर आधी वरून, भिंतीपासून दूर एक खड्डा घेऊन पंपाने पाणी उतरवायला हवं होतं. दोन-तीन तास जास्त लागले असते. त्या घाईला माझ्याकडे कारण नाही.

मग रिकाम्या खोल्या काढल्या. साइटवर पोकलेन उभाच होता. त्याने लांबूनच भिंतीच्या पायथ्याशी आधी खडीचा थर आणि त्यावर मुरमाचा दीड मीटर उंच ढीग दिला. खडी आधी, कारण नुसता मुरूम टाकला असता तर छिद्रांची खालची ओळ आम्हीच बुजवली असती. ड्रायव्हरला हे तीन वेळा सांगावं लागलं. मुरूम त्याच खोदाईतला, फुकटचा. वरून विटांची कंपाउंड वॉल उतरवून जाळी लावली, तेवढं वजन कमी. वाफ्याचा नळ बंद केला. त्यावर एका आजोबांनी अबोला धरला, तो दिवाळीपर्यंत टिकला.

पालिकेचे कनिष्ठ अभियंता तिसऱ्या दिवशी आले, फोटो काढले आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली दोन्ही बाजूंना नोटीस दिली. पडाऊ, धोकादायक बांधकामासाठी हे कलम वापरतात. ‘भिंत कुणाची’ हा वाद त्या नोटिशीने मिटला नाही, पण ‘काम कुणी करायचं’ हा वाद तिथेच थांबला: दोघांनी.

पर्याय

मंजूर नकाशा काढला तेव्हा सगळे गप्प झाले. नकाशात ४ मीटरची भिंत नव्हतीच. पाच फुटी कंपाउंड वॉल होती. भराव, दगडी भिंत, तिच्यावरचं पार्किंग, यातलं काहीच कागदावर नव्हतं. म्हणजे या भिंतीचं डिझाइन कधी कुणी तपासलंच नव्हतं. उताराच्या जागांवर हे प्रकरण एकटं नाही. सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं तेही इमारतीचं. ऑडिटवाला गच्चीवर जातो, पार्किंगमधल्या कॉलमवर हातोडी मारून बघतो आणि कंपाउंडच्या आतच फिरून परत जातो.

कायमच्या उपायासाठी पाच गोष्टी मांडल्या. भिंतीच्या पुढ्यात गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड, हा सोपा उपाय होता. पण त्याला दोन मीटर जागा शेजाऱ्याची लागत होती आणि ती त्याच्या इमारतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत मोजलेली. बाहेरून काँक्रीटचे धिरे देण्यालाही तीच अडचण. भरावात आडव्या सळया घालून ग्राउट करायचं, म्हणजे भोवती पातळ सिमेंट भरायचं, तर भरावात विटांचे तुकडे, फरश्या, एका ठिकाणी अख्खं टायर निघालं. सळई धरणार कशाला? पूर्ण पाडून नवीन चार मीटरची आरसीसी भिंत हा सोसायटीचा आवडता पर्याय, कारण एकही पार्किंग जात नव्हतं. आणि सर्वांत महाग.

पाचवा कुणालाच नको होता: जमीनच खाली आणायची. धक्का उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भराव चारवरून अडीच मीटरवर आणला तर धक्का जवळजवळ चाळीस टक्क्यांवर येतो. पैशाच्या हिशेबात याला तोड नव्हती. पण पार्किंगच्या जागा गेल्या असत्या.

सर्वसाधारण सभेत अडीच तास गेले. एक गृहस्थ म्हणाले, ‘आम्ही फ्लॅटसोबत पार्किंगचे पैसे मोजलेत.’ खरंच मोजले होते. मी तोपर्यंत सुरक्षिततेवर बोलत होतो आणि ते मिळकतीवर, म्हणून सूर जुळत नव्हता. मग मी फळ्यावर पर्यायागणिक किती जागा जातात ते लिहिलं. एकदा आकडा समोर आल्यावर बोलणं ‘जागा जाणार की नाही’ वरून ‘कुणाची जाणार’ वर आलं. ते कटकटीचं असलं तरी त्यातून वाट निघते.

केलेलं काम आणि परिणाम

शेवटी मधला मार्ग निघाला. भिंतीलगतची तीन मीटरची पट्टी दीड मीटरने खाली घेतली, तिथे पायरी केली. पायरीच्या आतल्या अंगाला एक बुटकी भिंत आणि खाली अडीच मीटरची नवी आरसीसी भिंत. मागची गाड्यांची ओळ तिरपी केली, त्यामुळे चौदापैकी पाचच जागा गेल्या. दिवाळीनंतर काम सुरू झालं. जुनी भिंत सलग पाडली नाही. चार-चार मीटरचे टप्पे, तेही एक सोडून एक, म्हणजे उघडी पडलेली माती दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतीने धरून ठेवायची. भिंतीचा आणि पायरीचा खर्च सोसायटीने केला, पायथ्याचं भरण आणि गटार शेजाऱ्याने.

सगळ्यात जास्त डोकं छिद्रांवर चालवलं. नव्या भिंतीमागे फूटभर खडीचा थर, माती आणि खडीच्या मध्ये गाळणीचं कापड, तळाशी भोकांचा पाइप, आणि दर दीड मीटरवर बाहेर उतार दिलेले चार इंची पीव्हीसी पाइप. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात नव्हतं ते असं की पाइपांखाली एक उघडं गटार बांधून पाणी थेट त्यात पडेल असं केलं. आधी मी फक्त ‘छिद्रं बुजवू नका’ अशी पाटी सुचवली होती. मुकादम म्हणाला, ‘पाटी वाचून कोन ओल्यात झोपतंय?’ पाटी रद्द झाली, गटार आलं.

मजुरांच्या खोल्या खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीपासून लांब नव्याने उभ्या राहिल्या. त्याआधी नऊ रात्री ती मंडळी स्लॅबवरच होती. साइट दोन दिवस बंद राहिली, त्या दोन दिवसांची हजेरी कुणी द्यायची हा विषय एकाही बैठकीत निघाला नाही. मीही काढला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाइपांतून स्वच्छ पाणी आलं. काचेच्या नव्या पट्ट्या शाबूत राहिल्या.

आज पुन्हा करायचं तर

पहिली गोष्ट क्रमाची. आम्ही आधी गाड्या, मग माणसं, मग पाणी असे गेलो. गाड्या आधी निघाल्या, कारण त्यांचे मालक समोर होते. खालची माणसं निघायला पाच तास लागले. आज मी फोटो बघताक्षणी, जागेवर जायच्या आधीच, एकच प्रश्न विचारेन: या भिंतीखाली कोण झोपतं?

दुसरी, लेखी कागदाची. आता माझ्या बॅगेत चार ओळींचा छापील नमुना असतो. फक्त जागा, वेळ आणि सही भरायची. शब्द जुळवण्यात वीस मिनिटं जात नाहीत.

तिसरी, भेगेची. ती दोनदा सिमेंटने भरली गेली. पहिल्या वेळी कुणी तारीख आणि रुंदी लिहून ठेवली असती तर दुसऱ्या वेळी ती किती वाढली ते कळलं असतं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये त्या कामाची नोंद होती, पण ‘पेव्हर दुरुस्ती’ या नावाने.

चौथीचा मी प्रयत्न केला, जमलं नाही. बाहेरची बाजू बघता यावी म्हणून नव्या भिंतीच्या टोकाला एक लोखंडी फाटक आणि सहा पायऱ्या करून घेतल्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात दर महिन्याला सेक्रेटरींनी खाली उतरून पाइप बघायचे, असं ठरलं. दोन वर्षं ते झालं. मग खालची इमारत पूर्ण झाली, तिथे लोक राहायला आले, त्यांची सोसायटी स्थापन झाली आणि त्यांनी सुरक्षेच्या कारणावरून फाटकाला आपलं कुलूप लावलं. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा किल्ली त्यांच्या ऑफिसात होती, ऑफिस रविवारी बंद होतं. पुन्हा मुख्य रस्त्याने वळसा घालून, गेटवर नाव लिहून खाली गेलो. गटाराच्या कडेने कुणीतरी कुंड्या मांडल्या होत्या, आणि शेवटच्या दोन पाइपांना पाणी भिंतीवर ओघळू नये म्हणून रबरी बूच लावलं होतं.